सायटिकाचं दुखणं कमी झालं, पण कशामुळे?

कंबरेतून निघून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट पायाच्या बोटांपर्यंत जाणारी कळ. आपल्याकडे कुणी याला 'नस दबली' म्हणतं, कुणी 'गादी सरकली' म्हणतं, आयुर्वेदाचे विद्यार्थी 'गृध्रसी' म्हणतात. हे दुखणं असलेला माणूस तुमच्या घरात नाहीतर शेजारी असणारच. आणि त्याला रामबाण उपाय सांगणाराही असणारच. तेल, लेप, मसाज, पट्टा, आसनं, इंजेक्शन, ऑपरेशन. प्रत्येक उपायाच्या बाजूने साक्ष द्यायला खरोखर बरी झालेली माणसं उभी असतात, आणि ती खोटं बोलत नसतात.

मग अडचण काय आहे? अडचण अशी की यातली बरीचशी माणसं काहीही न करता, थोडी उशिरा का होईना, बरी झालीच असती. जो आजार बहुतेकांचा आपोआप ओसरतो, त्यावरच्या उपायाची परीक्षा कशी घ्यायची? हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा नाही. तुम्ही उद्या शेतीतलं खत तपासाल, शाळेतली शिकवण्याची पद्धत तपासाल किंवा एखादं औषध तपासाल, हाच प्रश्न वेगळ्या कपड्यात तुमच्यासमोर येईल. म्हणून आज सायटिकावरचा एक गाजलेला पेपर घेऊन तो नीट वाचायचा, त्याचं कौतुकही करायचं आणि त्याचे कान कुठे धरायचे तेही बघायचं, असा बेत आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही, विज्ञानाचा विद्यार्थी आहे. हा लेख पेपर कसा वाचावा याबद्दल आहे, उपचार कोणता घ्यावा याबद्दल नाही. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेचा-बसण्याचा भाग बधिर होणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यापैकी काही असेल तर पेपर वाचत बसायचं नसतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं. खाली ज्या अभ्यासांची चर्चा आहे, त्यातले निष्कर्ष अशा रुग्णांना लागू पडत नाहीत.

आधी दुखणं समजून घेऊ

सायटिक नर्व्ह ही शरीरातली सगळ्यात जाड नस. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापासून आणि त्याखालच्या त्रिकास्थीच्या वरच्या भागापासून निघणारी मुळं एकत्र येऊन ती बनते. दोन मणक्यांमध्ये जी चकती असते, तिच्या आत जेलीसारखा मऊ गर असतो आणि बाहेर चिवट कडं. कडं फाटून गर मागे सरकला की तो नसेच्या मुळाला जाऊन भिडतो. बहुतेक वेळा हे कंबरेच्या शेवटच्या दोन चकत्यांच्या जागी घडतं. चकती आणि सायटिका यांचं हे नातं ठळकपणे मांडलं गेलं ते १९३४ साली, बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांच्या लेखातून. त्यानंतर सायटिका म्हणजे 'दाब', आणि दाब म्हणजे 'काढून टाका', असं सरळ समीकरण तयार झालं.

पण हे समीकरण अर्धवट आहे. १९९३ मध्ये स्वीडनमधल्या ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी डुकरांवर एक प्रयोग केला. चकतीतला गर नसेच्या मुळांवर नुसता ठेवला, दाब अजिबात दिला नाही. तुलनेसाठी दुसऱ्या गटात गराऐवजी चरबी ठेवली. गर ठेवलेल्या नसांमध्ये संदेश वाहून नेण्याचा वेग घटला. म्हणजे हा गर नसेला रासायनिक पातळीवरही डिवचतो, तिथे दाह पेटवतो. आणि याच दाहाबरोबर शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशीही तिथे येतात आणि बाहेर आलेला गर हळूहळू खाऊन टाकतात. बऱ्याच रुग्णांमध्ये सुटून बाहेर आलेला तुकडा काही महिन्यांत आक्रसतो, कधी दिसेनासाही होतो. आपोआप बरं होण्यात जादू काही नाही, त्यामागे अशी शरीराची कामं आहेत.

आता एमआरआयबद्दल. १९९४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. कंबरदुखीची काहीही तक्रार नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले. सगळ्या चकत्या नॉर्मल असलेले लोक निघाले फक्त ३६ टक्के. ५२ टक्के लोकांना कुठे ना कुठे चकती फुगलेली होती. मात्र गर फुटून स्पष्ट बाहेर आलेला फक्त १ टक्का लोकांत दिसला. म्हणजे रिपोर्टात 'फुगवटा' लिहिलं म्हणून दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

गोळीत काहीच नव्हतं, तरी दुखणं निम्म्यावर

मुख्य पेपरकडे जाण्याआधी एक छोटा थांबा घेऊ, कारण इथे नियंत्रण गट म्हणजे काय ते जितकं स्वच्छ दिसतं तितकं पाठ्यपुस्तकात दिसत नाही.

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सायटिकाच्या २०९ रुग्णांवर प्रिगॅबॅलिन या औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. नसेच्या दुखण्यावर हे औषध सर्रास लिहून दिलं जातं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. दुखणं ० ते १० च्या पट्टीवर मोजलं. सुरुवातीला दोन्ही गट साधारण ६ च्या आसपास होते. आठ आठवड्यांनी औषधवाल्या गटाचं सरासरी दुखणं ३.७ वर आलं.

इथे थांबा आणि समजा की दुसरा गट अस्तित्वातच नाही. तुमच्यासमोर फक्त एवढंच आहे: आधी सुमारे ६, नंतर ३.७. पेअर्ड टी-टेस्ट लावली तर पी-व्हॅल्यू सुंदर येणार. निष्कर्ष: 'औषध अत्यंत परिणामकारक'. व्हायवाला टाळ्या.

आता दुसऱ्या गटाचा आकडा बघा. औषध नसलेल्या कॅप्सूलवर दुखणं आलं ३.१ वर. गटांमधला फरक सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता, आणि जो होता तोही औषधाच्या उलट बाजूला झुकलेला. शिवाय औषधाच्या गटात २२७ दुष्परिणामांची नोंद झाली, दुसऱ्या गटात १२४. चक्कर येण्याचं प्रमाण औषधवाल्यांत जास्त.

म्हणजे ६ वरून ३.७ ही घसरण खरी होती, पण ती औषधाची कमाई नव्हती. ती काळाची होती, शरीराच्या दुरुस्तीची होती, 'आपल्यावर उपचार चालू आहेत' या दिलाशाची होती. आणि थोडी या गोष्टीचीही होती की माणूस दुखणं अगदी कळसाला पोचलं की मगच दवाखान्यात येतो. कळसानंतर उतारच असतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

दुसरं उदाहरण आणखी बोलकं आहे. नसेभोवतीच्या दाहात ज्या रेणूचा हात असल्याचं दिसलं होतं, त्याला रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध फिनलंडमध्ये आधी १० रुग्णांना दिलं गेलं. त्यांची तुलना आधीच्या एका वेगळ्या अभ्यासातल्या रुग्णांशी केली. निकाल झकास होते, २००३ मध्ये पेपर आला. मग त्याच गटाने, आणि इथे त्यांना दाद द्यायला हवी, ४० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेली रीतसर चाचणी पूर्ण केली. २००५ मध्ये उत्तर आलं: दोन्ही गटांत फरक नाही. तर्क सुंदर होता, जैविक कारण भक्कम होतं, पहिले दहा रुग्ण बरेही झाले होते. फक्त पहिल्या वेळी शेजारी त्याच वेळेचा, तशाच रुग्णांचा गट नव्हता.

आता मुख्य पेपर

२००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्येच नेदरलँड्समधल्या लायडन-हेग परिसरातल्या संशोधकांचा पेपर आला. प्रश्न ऑपरेशनचा. इथे बनावट कॅप्सूल देता येत नाही, म्हणून डिझाइन जास्त अवघड आहे आणि आपल्याला शिकायला जास्त मिळतं.

रुग्ण २८३. सगळ्यांना ६ ते १२ आठवड्यांपासून तीव्र सायटिका. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. १४१ जणांचं लवकर ऑपरेशन करायचं, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली छोटा छेद घेऊन बाहेर आलेला गर काढायचा. उरलेल्या १४२ जणांनी औषधं, सल्ला, गरज पडल्यास फिजिओथेरपी यावर थांबायचं, आणि दुखणं हटलंच नाही किंवा वाढलं तर नंतर ऑपरेशन करून घ्यायचं.

पहिल्या गटातल्या १२५ जणांचं, म्हणजे ८९ टक्क्यांचं ऑपरेशन झालं, सरासरी २.२ आठवड्यांत. दुसऱ्या गटातल्या ५५ जणांचं, म्हणजे ३९ टक्क्यांचं, सरासरी १८.७ आठवड्यांनी झालं. निकाल काय? ऑपरेशनवाल्यांचं पायाचं दुखणं लवकर कमी झालं. 'मी बरा झालो' असं म्हणायला लागणारा मध्यक काळ त्यांच्यात ४ आठवडे होता, थांबलेल्यांत सुमारे १२ आठवडे. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गट एकाच ठिकाणी पोचले होते. बरं वाटण्याची शक्यता दोन्हीकडे ९५ टक्के. रोजच्या हालचालींमधल्या अडचणीचा वर्षभराचा एकत्रित हिशेब लावला तर पी-व्हॅल्यू ०.१३, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही.

हा पेपर दोन्ही बाजूंनी वापरता येतो. ऑपरेशनच्या बाजूचा म्हणतो, 'बघा, तिप्पट लवकर बरं वाटलं.' विरोधातला म्हणतो, 'बघा, वर्षाने काहीच फरक नाही.' दोघेही आकडे बरोबर सांगतात. म्हणून आपण आधी बघायला हवं की पेपरने नक्की विचारलं काय होतं.

प्रश्न कुठला होता?

या पेपरची सगळ्यात मोठी ताकद त्याच्या प्रश्नात आहे. त्यांनी 'ऑपरेशन चांगलं की औषधं' असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं: 'आत्ता ऑपरेशन करावं, की थांबून बघावं आणि लागलं तर करावं?' म्हणजे इथे दोन निर्णयपद्धतींची तुलना आहे. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांचं ऑपरेशन झालं, यामुळे प्रयोग बिघडला नाही. ते त्या पद्धतीतच लिहिलेलं होतं.

याचं महत्त्व कळायला दुसरा पेपर शेजारी ठेवा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या 'स्पोर्ट' नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. ११ राज्यांतली १३ केंद्रं, चिठ्ठ्या टाकलेले ५०१ रुग्ण, म्हणजे आकाराने दणदणीत. पण पहिल्या तीन महिन्यांत ऑपरेशनची चिठ्ठी निघालेल्यांपैकी फक्त ५० टक्के लोकांनी ऑपरेशन करून घेतलं, आणि ऑपरेशन नको अशी चिठ्ठी निघालेल्यांपैकी ३० टक्के लोकांनी ते करून घेतलं. आता ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात माणसाला मोजायचं, हा इंटेन्शन-टू-ट्रीटचा नियम पाळला तर दोन मिसळलेल्या गटांची तुलना होते आणि फरक पुसट होतो. पुसटच झाला. लेखकांनीही मान्य केलं की या विश्लेषणातून कोणता उपचार सरस, हे सांगता येत नाही.

मग नियम सोडून 'ज्याला जे मिळालं' त्यानुसार मोजलं तर? तेव्हा ऑपरेशनची बाजू फार वरचढ दिसते. पण चिठ्ठीने दिलेला समतोल तुम्ही तिथेच गमावता. कोणी गट बदलला? ज्याला सहन होत नव्हतं त्याने ऑपरेशनकडे उडी मारली, ज्याला बरं वाटू लागलं तो ऑपरेशनपासून लांब राहिला. ही माणसं सुरुवातीपासूनच वेगळी आहेत. इथे मोह होतो, आणि तुमच्या डेटातही होणार आहे: नियमाने हवं ते उत्तर आलं नाही की गट बदलून मोजायचं. मोजा जरूर, पण त्याला चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाचा मान देऊ नका.

डच संशोधकांनी माणसं गट बदलणार हे आधीच गृहीत धरून प्रश्न मांडला. कागदावर प्रश्न थोडा लहान झाला, पण उत्तर वापरण्याजोगं मिळालं. सिनॉप्सिस लिहिणाऱ्याने शिकावी अशी ही गोष्ट आहे: माणसं जशी वागतात त्याला सोसेल असा प्रश्न विचारा.

आता कान धरू

पहिला आक्षेप त्या ९५ टक्क्यांवर. हा आकडा ऐकला की वाटतं, वर्षाने शंभरातले पंच्याण्णव ठणठणीत. पण तो आला आहे 'बरं होईपर्यंत किती वेळ लागला' या पद्धतीच्या विश्लेषणातून. या पद्धतीत माणूस पहिल्यांदा 'बरा झालो' म्हणाला की त्याची नोंद होते आणि तो हिशेबातून बाहेर पडतो. पुढच्या महिन्यात दुखणं परत आलं तर आलेखाला त्याचा पत्ताही लागत नाही. याच चाचणीतल्या २६७ रुग्णांवर २०१३ मध्ये आणखी एक पेपर आला. त्यात एक वर्षाच्या टप्प्यावर परिणाम चांगला असलेले निघाले ८४ टक्के. त्याआधी, २००८ मध्ये आलेल्या दोन वर्षांच्या पाठपुराव्यात २० टक्के लोकांचा परिणाम समाधानकारक नव्हता. चाचणी एकच, रुग्ण जवळपास तेच, आणि आकडे ९५, ८४, ८०. यात कुणी फसवत नाही. पहिला आकडा 'कधीतरी बरं वाटलं का' विचारतो, बाकीचे दोन 'आज बरं आहे का' विचारतात. मात्र सारांशात फक्त ९५ छापलेलं असतं आणि तेवढंच वाचून पुढे जाणारे लोक तेच घेऊन जातात. सारांश वाचून पेपर 'वाचला' म्हणणाऱ्यांसाठी हा इशारा आहे.

दुसरा आक्षेप वर्षभराच्या एकत्रित हिशेबावर. पायाचं दुखणं १०० च्या पट्टीवर मोजलं होतं. आठव्या आठवड्याला ऑपरेशनवाला गट सुमारे १० वर होता, थांबलेला गट सुमारे २८ वर. वर्षाच्या शेवटी दोघेही ११ च्या आसपास. हालचालींच्या प्रश्नावलीतही असंच: फरक सुरुवातीला दिसतो, नंतर विरून जातो. संपूर्ण वर्षाला एकच पी-व्हॅल्यू दिली की सुरुवातीचा ठळक फरक शेवटच्या सपाट महिन्यांत विरघळतो. 'फरक नाही' हे वाक्य तांत्रिक दृष्ट्या बरोबर आणि माणसाच्या दृष्टीने अपुरं.

कारण मधले आठवडे कोणाचे गेले, हा प्रश्न उरतोच. ज्याला पगारी रजा आहे, घरून काम करता येतं, त्याच्यासाठी ४ आठवडे आणि १२ आठवडे यातला फरक गैरसोयीचा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या, हमाली करणाऱ्या, दिवसभर गाडी चालवणाऱ्या माणसासाठी तोच फरक अख्ख्या हंगामाचा असू शकतो. उलट, ऑपरेशनचा खर्च आपल्याकडे बऱ्याचदा खिशातून जातो, तेव्हा 'थांबलं तरी वर्षाने तिथेच पोचतो' ही माहिती कर्जापासून वाचवणारी ठरते. नेदरलँड्समध्ये विमा आणि आजारपणातल्या पगाराची व्यवस्था वेगळी आहे. त्यामुळे पेपरचा निकाल आपल्याकडे आणताना आकडे आणता येतात, त्या आकड्यांचं वजन मात्र आपल्यालाच इथे ठरवावं लागतं.

तिसरा आक्षेप असा की इथे कोणाच्याही डोळ्यांवर पट्टी नव्हती. ऑपरेशन झालेल्याला ते झालंय हे माहीत, प्रश्न विचारणाऱ्या नर्सलाही माहीत. आणि मोजलं काय? रुग्णाने स्वतः सांगितलेलं दुखणं, स्वतः सांगितलेलं बरं वाटणं. कॅप्सूलच्या चाचणीत निव्वळ दिलासा आणि काळ मिळून दुखणं निम्म्यावर आणू शकतात हे आपण पाहिलं. मग ऑपरेशन थिएटर, भूल, टाके या सगळ्याचा दिलासा किती असेल? लवकर बरं वाटण्यातला काही वाटा त्याचा असू शकतो. किती, हे या डिझाइनमधून वेगळं काढता येत नाही. यावर काहींचं म्हणणं असतं की मग एमआरआयसारखं 'वस्तुनिष्ठ' काहीतरी मोजायचं. आता मघाचा मुद्दा आठवा. २०१३ च्या त्याच पेपरमध्ये वर्षानंतरचे एमआरआय तपासले, तेव्हा चांगला परिणाम असलेल्यांपैकी ३५ टक्के लोकांत बाहेर आलेली चकती अजून दिसत होती, आणि परिणाम चांगला नसलेल्यांपैकी ३३ टक्के लोकांत. म्हणजे फोटो बघून कोण बरं आहे ते ओळखताच येत नव्हतं. दुखणं हे शेवटी ज्याचं त्यालाच विचारावं लागतं. वस्तुनिष्ठ म्हणून चुकीची गोष्ट अचूक मोजण्यात हशील नाही.

घड्याळ बदललं की उत्तर बदलतं

हा पेपर वाचून 'थांबलं तरी चालतं' असा कायमचा नियम कोणी काढेल, तर त्याने २०२० चा कॅनडामधला पेपर वाचावा. तिथे घेतलेले १२८ रुग्ण ४ ते १२ महिने सायटिका सोसलेले होते. सहा महिन्यांनी, ० ते १० च्या पट्टीवर, ऑपरेशनच्या गटाचं पायाचं दुखणं २.८ होतं आणि दुसऱ्या गटाचं ५.२. इथे फरक टिकला. सुरुवातीला दोघांचंही दुखणं ८ च्या आसपास होतं.

आजार तोच, ऑपरेशन जवळपास तेच. मग उत्तर वेगळं का? या दोन चाचण्यांची थेट तुलना करताना सावध राहायला हवं: देश वेगळा, रुग्ण वेगळे, मोजण्याची वेळ वेगळी, आणि एक एकाच केंद्रातली. पण माझ्या मते सगळ्यात पटणारा खुलासा असा की दोन्ही ठिकाणी प्रतिस्पर्धी वेगळा होता. सहा-बारा आठवड्यांच्या रुग्णात ऑपरेशनची शर्यत शरीराच्या स्वतःच्या दुरुस्तीशी असते, आणि तो प्रतिस्पर्धी तगडा आहे. चार महिन्यांनीही जो दुखतच राहिला, त्याच्यात त्या दुरुस्तीचा जोर बहुधा ओसरलेला असतो. त्यामुळे 'उपाय किती चांगला' या प्रश्नाला एकच एक उत्तर नसतं. 'कशाच्या तुलनेत आणि आजाराच्या कुठल्या टप्प्यावर' हे सांगितल्याशिवाय ते वाक्य पूर्ण होत नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता आपल्याकडे वळू. 'सायटिकाच्या ३० रुग्णांवर अमुक उपचारपद्धतीचा परिणाम' अशा धाटणीचं डिझाइन तुम्ही पाहिलं असेल. आधी मोजलं, महिनाभर उपचार केले, परत मोजलं, पी-व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी. उपचार कोणताही असो, फिजिओथेरपी, आसनं, पंचकर्म, इंजेक्शन किंवा नवी गोळी, मला त्या उपचाराबद्दल काहीच आकस नाही. तक्रार डिझाइनबद्दल आहे. अशा अभ्यासात त्या उपचाराचं नाव खोडून 'कॅलेंडरची पानं उलटणं' असं लिहिलं तरी निकाल बऱ्यापैकी तसाच लागेल. आणि तोटा त्या उपचाराचाही होतो. तो खरोखर उपयोगी असेल तरी अशा अभ्यासातून ते कधीच सिद्ध होणार नाही.

'आमच्याकडे एवढे पैसे नाहीत, एवढे रुग्ण नाहीत' हे उत्तर मला माहीत आहे. पण चिठ्ठ्या टाकायला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे बऱ्याच ओपीडीत रुग्णांना तसंही थांबावं लागतं. त्या थांबण्यालाच नीट परवानगी घेऊन, एथिक्स कमिटीसमोर मांडून, तुलनेचा गट बनवता येईल का, याचा विचार करा. ३० रुग्ण एकाच गटात घेण्यापेक्षा चालू उपचारांवर १५ आणि चालू अधिक नवा उपचार घेणारे १५, असा छोटा अभ्यास अंतिम उत्तर देणार नाही, पण पुढच्या मोठ्या अभ्यासाचं प्रामाणिक प्राथमिक पाऊल ठरेल. तेवढाच दावा करा.

आणि दुसऱ्याचा पेपर वाचताना चार गोष्टी वहीत लिहून काढायची सवय लावा. तुलनेचा गट कोण होता, आणि त्याचा सुरुवातीचा व शेवटचा आकडा काय? रुग्ण आजाराच्या कोणत्या टप्प्यावर घेतले? किती जणांनी गट बदलला आणि त्यांना कुठे मोजलं? सारांशातला मोठा आकडा 'कधीतरी' सांगतो की 'आज'?

यातला पहिला प्रश्न सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उघडं पाडणारा आहे. या आठवड्यात तुमच्या विषयातला एक असा पेपर काढा ज्यात एखाद्या उपायाने 'लक्षणीय सुधारणा' झाली आहे. उपायाच्या गटाचा रकाना हाताने झाका आणि फक्त दुसऱ्या गटाचा रकाना वाचा. तिथे किती सुधारणा झाली ते बघा, मगच हात काढा. आणि हात ठेवायला दुसरा रकानाच नसेल, तर त्या पेपरबद्दल तुम्हाला जे कळायचं ते कळलं.